सोलापुरातल्या छोट्या व्यवसायाची वेबसाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चादर-टॉवेलवाले, गणवेश शिवणारे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी पॅक करून पाठवणारे, क्लासवाले, डाळिंबाच्या रोपांची नर्सरी चालवणारे असे सगळे माझ्यासारख्या वेबसाइट बनवणाऱ्याशी बोलायला बसले की साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत. ज्या ठिकाणी पैसे आणि नाव अडकतं, तिथे घाईत उत्तर द्यायला मला आवडत नाही.

व्हॉट्सॲपवर सगळं चालतंय की, मग वेबसाइट कशाला?

काही जणांना खरंच नको. तुमचं गिऱ्हाईक आसपासच्या दोन-चार पेठांतलं आणि रोजच्या ओळखीचं असेल, तर गुगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा. ते फुकट आहे. नकाशावरची जागा, वेळ, फोन, फोटो आणि लोकांचे अभिप्राय एवढं त्यात मावतं. त्यावर पैसे खर्च करायला मी सांगणार नाही.

गरज पडते ती तुम्हाला न ओळखणारा माणूस शोधत येतो तेव्हा. नाशिकच्या शाळेला तीनशे गणवेश हवे असतात. हुबळीच्या हॉटेलला पांढरे टॉवेल हवे असतात. पुण्यात स्थायिक झालेल्या सोलापूरकराला घरच्यासारखी चटणी हवी असते. हा माणूस तीन-चार नावं शोधतो, ताडून बघतो आणि मगच फोन करतो. त्याच्याकडे तुमचा नंबर नाही, त्यामुळे तुमचं स्टेटस त्याला दिसत नाही. आणि ते चोवीस तासांत जातंच.

दुसरं कारण मालकीचं. बिझनेस प्रोफाइलवरून फुकट छोटी वेबसाइट बनवून देण्याची सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापला होता, त्यांचा पत्ता काही महिन्यांत निकामी झाला. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप जरूर वापरा, पण तिथले नियम तुम्ही ठरवत नाही. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असेल तर बाकी सगळं बदललं तरी पत्ता तुमचाच राहतो.

सुरुवात कुठून करायची? रंग आणि डिझाइन आधी दाखवाल का?

आधी मजकूर, मग डिझाइन. या एका गोष्टीवर मी अडून बसतो.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. पुढचे पंधरा दिवस गिऱ्हाईक दुकानात किंवा फोनवर जे विचारेल, ते त्याच्याच शब्दांत लिहा. "प्युअर कॉटन आहे का?" "रंग जातो का?" "डझनाच्या खाली देता का?" "नमुना पाठवाल का, आणि त्याचे पैसे?" "बिल्टीने पाठवता की कुरिअरने?" "रविवारी उघडं असतं का?" गल्ल्यावर कामगार किंवा घरातलं कुणी बसत असेल तर त्यांनाही लिहायला सांगा. मालकाला जे विचारलं जात नाही, ते त्यांना विचारलं जातं.

पंधरा दिवसांनी वही घेऊन बसलं की वेबसाइटचा आराखडा त्यातच सापडतो. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत, त्यांची उत्तरं पहिल्या पानावर. मालाबद्दलचे प्रश्न त्या त्या मालाच्या पानावर. पाठवणी, परतावा, पैसे कसे भरायचे हे एका वेगळ्या पानावर. वहीत एकदाही न आलेली गोष्ट वेबसाइटवर घालायची असेल तर ती का घालायची, हे एकमेकांना विचारायचं. "आमचे ध्येय", "आमची दृष्टी" ही पानं इथेच गळतात. गिऱ्हाईक ते कधीच विचारत नाही.

उत्तरं तुम्हीच लिहा, बोलता तशी. बोलून रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल. चादर पहिल्यांदा कशी धुवायची, हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलात. ते ज्या ठाम शब्दांत तुम्ही सांगता, तसं बाहेरचा लेखक लिहू शकत नाही. शुद्धलेखन नंतर तपासता येतं.

किती पानं लागतात?

बहुतेकांना पाचपर्यंत पुरतात: पहिलं पान, माल किंवा सेवा, आमच्याबद्दल, पाठवणी आणि परतावा, संपर्क. क्लास किंवा दवाखाना असेल तर त्याहून कमी. पानांच्या संख्येवर दर ठरवून कुणी वीस पानं सुचवत असेल, तर त्या वीस पानांवर काय लिहायचं ते आधी विचारा.

पहिल्या पानावर काय असावं?

पान उघडल्यावर बोटाने वर सरकवायच्या आधी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय विकता, कुठे आहात, आणि घ्यायचं असेल तर काय करायचं. "शाळा आणि कंपन्यांसाठी गणवेश. कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. पन्नास नगांपासून ऑर्डर. कोटेशन मागवा." एवढं पुरतं. "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे" या ओळीने मोक्याची जागा अडते.

आपोआप सरकणारे मोठमोठे फोटो मी लावत नाही. दुसरा-तिसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही, पान जड होतं, आणि वाचत असतानाच मजकूर हलला की माणूस वैतागतो. एक चांगला, खरा फोटो ठेवा.

फोन नंबर मजकुराच्या रूपात हवा, म्हणजे दाबला की फोन लागतो. बॅनरच्या चित्रात लिहिलेला नंबर दाबताही येत नाही आणि कॉपीही करता येत नाही.

आपल्या गावासाठी एक खास सूचना. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला जाणारी माणसं येता-जाता सोलापुरात चादरी घ्यायला थांबतात. ती गाडीत बसून मोबाइलवर शोधत असतात. दुकान किती वाजेपर्यंत उघडं, साप्ताहिक सुट्टी कधी, गाडी कुठे लावता येईल, यूपीआय चालतं का, हे त्यांच्यासाठी पहिल्या पानावरच लिहा. नवी पेठेसारख्या गर्दीच्या भागात दुकान असेल तर पार्किंगची ओळ नकाशाइतकीच कामाची ठरते.

मराठी ठेवू की इंग्रजी? तेलुगू, कन्नडही हवं का?

गिऱ्हाईक कोणत्या भाषेत फोन करतं, त्या भाषेत. गणवेश राज्याबाहेर जात असतील तर इंग्रजी हवंच, हिंदीही चालेल. गावातलं दुकान, चटणी, क्लास, हुरडा पार्टीचं शेत असेल तर मराठी आधी. एकाच पानावर अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी असं मात्र करू नका. दोन भाषा हव्या असतील तर दोन स्वतंत्र पानं करा आणि वर भाषा बदलायचं बटण द्या.

सोलापूर तर चार भाषांत व्यवहार करणारं गाव. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, बाजारात उर्दू-हिंदी रोज कानावर पडते. तरीही भाषा वाढवण्याआधी मी एकच विचारतो: त्या भाषेत फोन आला तर तुमच्याकडे कोण बोलेल? बोलणारं माणूस असेल तर विजयपूर-कलबुर्गीच्या गिऱ्हाइकासाठी कन्नडमध्ये एक नीट पान जरूर करा, आणि त्याच माणसाकडून ते तपासून घ्या. आपोआप भाषांतर करणारं बटण लावून सोडू नका. माल आणि भावाच्या बाबतीत चुकीचं भाषांतर झालं तर भांडण तुमच्याशी होतं.

मराठी मजकूर दिसायला चांगला हवा, यासाठी काही गोष्टी पाहाव्या लागतात. कोणत्याही प्रेसमध्ये विचारा, जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटात पडलेला असतो. तो तसाच वेबसाइटवर टाकला तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावा लागतो, आणि आणल्यावर पुन्हा वाचावाही लागतो, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहून ठेवायचं. म्हणजे ज्या फाँटात सोय आहे, तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. मुक्ता आणि टिरो देवनागरी मराठी हे दोन्ही फाँट फुकट वापरता येतात. मजकुरासाठी यातला एक घ्या. तीन-चार फाँट मिसळले की पान लग्नपत्रिकेसारखं दिसतं.

फोटो मोबाइलवर काढले तर चालतील का?

चालतील. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उजेड महत्त्वाचा. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी दिसतो. सकाळी सावलीत, उघड्या दाराजवळ किंवा व्हरांड्यात काढा. फ्लॅश बंद.

चादरीचे चार फोटो लागतात: पूर्ण पसरलेली, घडी घातलेली, जवळून विणीचा, आणि उलट्या बाजूचा. उलटी बाजू दाखवणारा विक्रेता गिऱ्हाइकाला भरवशाचा वाटतो. आकार कळावा म्हणून एक फोटो पलंगावर टाकून काढा, कारण "६० बाय ९० इंच" हे वाचून सगळ्यांना अंदाज येत नाही. टॉवेलच्या बाबतीत जाडी फोटोत कळत नाही, म्हणून जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) लिहाच आणि शेजारी दोन शब्दांत सांगा की हा हॉटेलसाठी आहे की प्रवासासाठी. गणवेशाला मापांचा तक्ता हवा, तोही मजकूर म्हणून. तक्त्याचा फोटो मोबाइलवर वाचता येत नाही.

नेटवरून उचललेले फोटो लावू नका. ते दुसऱ्याच्या मालकीचे असतात हे एक. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडलेला माल त्या फोटोसारखा नसतो, आणि पहिल्याच ऑर्डरला विश्वास जातो.

मोबाइलमधून आलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले तर गावाकडच्या नेटवर ते उघडायला चहा पिऊन होतो. वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात आणून प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत बसवता येतो, आणि डोळ्यांना फरक कळत नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर गुगल ते चांगलं मानतं. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या फुकट साधनात तुम्ही स्वतः तपासू शकता. वेबसाइट बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. माझ्याही.

डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं?

तुमच्या. बनवणाऱ्याच्या, पुतण्याच्या किंवा त्याच्या मित्राच्या नावावर नाही. डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे खातं तुमच्या नावाने उघडा. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, बिल तुमच्या नावाचं. बनवणाऱ्याला कामापुरता प्रवेश देता येतो आणि काम झालं की काढून घेता येतो. हे पहिल्या दिवशी दहा मिनिटांचं काम आहे. वर्षांनंतर करायला गेलं तर विनवण्या कराव्या लागतात, आणि गावातल्या गावात माणसं दुखावतात ती वेगळीच.

नाव निवडताना एक परीक्षा घ्या: फोनवर एकदा सांगून समोरच्याला बिनचूक लिहिता आलं पाहिजे. चादर हा शब्द इंग्रजीत लोक वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहितात, त्यामुळे डोमेनमध्ये तो घालताना विचार करा. शक्य असेल तर प्रचलित स्पेलिंगची दोन डोमेनं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवा. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही चालतात. देवनागरीतलं डॉट भारतही मिळतं. ते जोडीला छान, पण फक्त त्यावर राहू नका, कारण काही ईमेल सेवा आणि फॉर्म अजून ते नीट स्वीकारत नाहीत.

नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा. मुदत टळल्यावर थोडे दिवस सवलत असते, पुढे सोडवून घ्यायला जास्त पैसे पडतात, आणि शेवटी नाव कुणालाही घेता येतं.

खर्च किती येतो?

दोन प्रकारचा खर्च वेगळा मांडा. दरवर्षीचा खर्च म्हणजे डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेचं भाडं. डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. पहिल्या वर्षाचा दर जाहिरातीसाठी पाडलेला असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर विचारूनच घ्या. होस्टिंगचंही तसंच. माहितीची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि छोट्या वेबसाइटला पुरतं.

एकदाचा खर्च म्हणजे बनवण्याची मजुरी. ती कामावर ठरते. मजकूर आणि फोटो तयार असतील तर ती बरीच कमी होते. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात किती वेळा बदल करून मिळतील, झाल्यावर सगळे पासवर्ड मिळतील का, एका वर्षानंतर काय आकारणार, हे तीन मुद्दे असायलाच हवेत.

स्वतः बनवता येईल का?

येईल. संगणकावर बसायची आवड असलेलं घरात कुणी असेल तर वर्डप्रेसवर साधी वेबसाइट जमते. वर्डप्रेस फुकट आहे, पण त्याचे आणि त्यातल्या प्लगिनचे (वरून जोडलेल्या सोयींचे) अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात, नाहीतर वेबसाइट हॅक होऊ शकते. ऑनलाइन विक्रीच करायची असेल तर शॉपिफायसारखी महिन्याच्या भाड्याची सेवा सोपी जाते. दोन-तीन पानंच हवी असतील तर गुगल साइट्सही पुरे.

लगेच ऑनलाइन विक्री सुरू करू का?

माझा सल्ला: सहा महिने थांबा. आधी प्रत्येक मालाखाली व्हॉट्सॲपचं बटण द्या. ते दाबलं की "मला ६० बाय ९० ची चादर, मरून रंग, याबद्दल माहिती हवी" असा मजकूर आपोआप तयार होतो, गिऱ्हाईक फक्त पाठवतं. सहा महिन्यांत कोणता माल बाहेरगावी जातो, पार्सलचं वजन किती भरतं, कोणत्या पिनकोडला कुरिअर रडवतं, हे हाताखालून जातं. मग कार्ट (माल निवडून ठेवायची टोपली) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेण्याची सोय) लावायला अर्थ आहे.

विक्री सुरू केली की नियम लागू होतात. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, परतावा-बदलीची माहिती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे बहुधा मालकच, पण नाव आणि नंबर लिहायचाच. पाकीटबंद मालावर छापावा लागणारा तपशील, म्हणजे निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव, हाही मालाच्या पानावर दाखवावा लागतो. चटणी, भाकरी, मसाले विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक दाखवा. राज्याबाहेर माल विकणार असाल तर जीएसटीचं सीएशी आधी बोला. आंतरराज्य विक्रीत उलाढालीची नेहमीची सूट बहुतेक मालाला मिळत नाही.

परताव्याचं धोरण दुसऱ्या वेबसाइटवरून उचलू नका. फोडलेली चटणी परत घेणार नाही, पण पाकीट फुटून आलं तर फोटो पाठवल्यावर नवीन देऊ, असं साध्या मराठीत लिहा. वाद निघाला की हेच शब्द समोर येतात. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं तर न स्वीकारलेल्या पार्सलचं जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या अंगावर पडतं, हे भाव लावताना धरा.

सोलापुरी चादरीचं जीआय चिन्ह वेबसाइटवर लावू का?

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. पण चिन्ह वापरायचं तर उत्पादक म्हणून तुमची अधिकृत वापरकर्ता अशी नोंदणी हवी. ती असेल तर ठळक लावा, नोंदणीचा तपशीलही द्या. बाहेरची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे, आणि गिऱ्हाइकाला फरक दाखवायची जागा वेबसाइटच आहे. माग कुठे चालतो, जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) नक्षी कशी उतरते, याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातो.

गुगलवर पहिल्या नंबरला कधी येणार?

पहिल्या नंबरची खात्री कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलच सांगतं. खात्री देणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमच्या हातात असतं ते असं: प्रत्येक पानाचं शीर्षक गिऱ्हाईक शोधेल त्या शब्दांत ठेवा. "सोलापुरी चादर" यावर मोठमोठ्या विक्री-संकेतस्थळांशी गाठ पडते. "हॉटेलसाठी पांढरे टॉवेल ठोक, सोलापूर" यावर तुम्हाला जागा मिळू शकते. वहीतले प्रश्न इथेही कामी येतात, कारण लोक गुगलला तेच विचारतात. नाव, पत्ता, फोन वेबसाइटवर आणि बिझनेस प्रोफाइलवर अक्षरशः सारखे ठेवा. लोक काय शोधून तुमच्या वेबसाइटवर येतात हे दाखवणारं गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते पहिल्या दिवसापासून जोडा.

वेबसाइट झाल्यावर काय करावं लागतं?

महिन्यातून एकदा स्वतःच्या मोबाइलवर गिऱ्हाइकासारखी उघडून बघा. फोन लागतो का, फॉर्म भरला तर ईमेल येतो का, भाव जुने तर नाहीत ना. गड्ड्याच्या यात्रेत, दिवाळीत, शाळा सुरू होण्याआधी वेळ बदलत असेल तर आदल्या आठवड्यात लिहा. भाव रोज बदलणारा माल असेल तर भाव न देता "आजचा भाव विचारा" असं बटण द्या. जुना भाव वाचून आलेला माणूस दारातच नाराज होतो. बॅकअप आपोआप होईल असं लावून घ्या आणि त्याची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा.

जुनी वेबसाइट आहे, पण बनवणारा फोनच उचलत नाही. काय करू?

आधी हूइज या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर तुमचं डोमेन शोधा. ते कोणत्या कंपनीकडे नोंदलंय आणि मुदत कधी संपते, हे तिथे दिसतं. मग जुने ईमेल चाळून त्या कंपनीचं एखादं बिल किंवा नूतनीकरणाची सूचना तुमच्या पत्त्यावर आली होती का बघा. खातं तुमच्या ईमेलवर असेल तर पासवर्ड बदलून काम संपतं. दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा, सोबत व्यवसायाची नोंदणी, पैसे दिल्याचा पुरावा आणि असेल तर ट्रेडमार्क जोडा. बनवणाऱ्यालाही पत्र पाठवा, शांत शब्दांत, तारीख टाकून. बरेचदा तो माणूस फक्त गाव सोडून पुण्याला गेलेला असतो आणि एका निरोपावर खातं देऊन टाकतो. तोवर वेबसाइट चालू असेल तर तिच्यावरचा सगळा मजकूर आणि फोटो स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा.